खडाखडी म्हणजे ग्रॅपल

नमस्कार श्रोतेहो. आजचा आपला इंग्रजी शब्द आहे 'ग्रॅपल'. वही जवळ असेल तर लिहून घ्या: जी, आर, ए, दोन वेळा पी, एल, ई. म्हणायचा 'ॲपल'च्या चालीवर. मधल्या दोन पींकडे लक्ष असू द्या. 'स्टेपल'मध्ये पी एकच आहे, म्हणून तिथला स्वर लांबतो. 'ॲपल' आणि 'ग्रॅपल'मध्ये पी दोनदा येतो, म्हणून तो आखूड राहतो.

हा शब्द मी वर्गात पहिल्यांदा शिकवला तेव्हा फळ्यावर त्याच्यासमोर एकच शब्द लिहिला होता: पकडणे. दुसऱ्या दिवशी आठवीतल्या एका मुलीच्या वहीत वाक्य आलं, 'आय ग्रॅपल्ड द बस ॲट रंकाळा'. रंकाळ्यावर मी बस पकडली! आपण मराठीत बस पकडतो, चोर पकडतो, गाताना सूर पकडतो आणि दुसऱ्याची चूकही पकडतो. यातलं नेमकं कुठलं पकडणं, ते मी सांगितलंच नव्हतं. तिने माझ्या अर्थावर विश्वास ठेवला होता, आणि मी दिलेला अर्थ अपुरा होता. ते मला फार लागलं.

मग मी वर्गाला विचारलं, तालमीला कोण कोण जातं? कोल्हापुरातला वर्ग, चार-पाच हात लगेच वर आले. त्यातल्या एकाला विचारलं, "सलामी झाली की पैलवान आधी काय करतात रे?"

"खडाखडी, मॅडम."

"करून दाखव बघू."

तो शेजारच्याला घेऊन पुढं आला. एक हात समोरच्याच्या मानेवर, दुसऱ्यानं मनगट धरलेलं, कपाळाला कपाळ. हा ओढतोय, तो रेटतोय, दोघंही पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायला, जागा हुडकतायत, आणि पडलेलं मात्र कुणीच नाही. मी म्हटलं, पोरांनो, हे बघा ग्रॅपल.

दोन्हीकडून जोर लागलाय आणि निकाल लागायचाय, हा या शब्दाचा गाभा. 'ग्रॅपल' ऐकल्यावर कोण चितपट झालं ते कळत नाही, झोंबी चालू आहे एवढंच कळतं. म्हणून तर इंग्रजी वर्तमानपत्रं खेळाच्या पानावर पैलवानाला 'ग्रॅपलर' म्हणतात. आपलं खासबाग मैदान १९१२ सालचं. तिथल्या तांबड्या मातीत इतकी वर्षं जे चाललंय, त्याला हा शब्द अगदी फिट्ट बसतो.

याचं मूळ जुन्या फ्रेंच भाषेत आहे, आणि तिथे त्याचा अर्थ आकडा. विहिरीत घागर पडली की दोराला बांधून सोडतात तो लोखंडी गळ आठवा. तसल्याच मोठ्या गळाला इंग्रजीत 'ग्रॅपनेल' म्हणतात. समुद्रावरच्या लढाईत तो फेकून शत्रूचं गलबत आपल्याकडे ओढून घेत. 'ग्रेप', म्हणजे आपलं द्राक्ष, तेही याच घराण्यातलं मानतात; द्राक्षांचे घड आकडीनं काढत, त्यावरून. तासगावचा एखादा बागायतदार हे ऐकत असेल तर त्याला गंमत वाटेल.

आता वापराकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच येते. हा शब्द बहुतेक वेळा 'विथ'ला बरोबर घेऊन चालतो. ग्रॅपल विथ. माणसाशी झोंबणं असो, नाहीतर अडचणीशी. मराठीत आपण 'शी' लावतो ना, संकटाशी झगडणे, गणिताशी झटापट करणे? तो 'शी' म्हणजेच हा 'विथ'.

दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या आयुष्यात बघायचे असतील तर खाशाबा जाधवांकडे बघा. ते आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. तिथे ते जगभरच्या मल्लांशी झुंजले: 'ही ग्रॅपल्ड विथ रेसलर्स फ्रॉम मेनी कंट्रीज'. पण त्याआधी प्रवासखर्चाची जुळवाजुळव करताना त्यांना घाम फुटला होता. प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. म्हणून दुसरं वाक्य: 'बिफोर दॅट, ही हॅड ग्रॅपल्ड विथ द लॅक ऑफ मनी'. पहिल्या वाक्यात अंगाची झुंज, दुसऱ्यात परिस्थितीशी. शब्द एकच, 'विथ' दोन्हीकडे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडते तेव्हा इंग्रजी बातमीत वाचायला मिळतं, 'द सिटी इज ग्रॅपलिंग विथ फ्लड्स'. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी अंगावर घेतलेत, त्यांना याचा अर्थ मी सांगायची गरज नाही.

जवळचा एक शब्द आहे 'टॅकल'. त्याला 'विथ' लागत नाही, 'टॅकल अ प्रॉब्लेम' एवढं पुरतं. त्यात मी हे काम हातात घेतलंय, मार्गी लावतोय, असा सूर असतो. 'ग्रॅपल विथ'मध्ये दमछाक असते. म्हणून किल्ली सापडत नाही, रिक्षा मिळत नाही, असल्या किरकोळ गोष्टींना तो लावू नका. समोरचंही जोरदार असायला हवं.

ती बसवाली मुलगी आठवडाभरानं पुन्हा वही घेऊन आली. वडिलांना पीककर्जाचा अर्ज भरायचा होता, त्यावर तिनं लिहिलं होतं: 'माय फादर ग्रॅपल्ड विथ द फॉर्म टिल मिडनाइट'. मी विचारलं, "मग भरला का गं?" तर म्हणाली, "न्हाई मॅडम, अजून दोन पानं ऱ्हायल्यात. म्हणून तर ग्रॅपल लिवलंय."

पुढच्या वेळी 'टॅकल' जरा सविस्तर घेऊ. नमस्कार.