खाज थांबली म्हणजे नायटा गेला असं नाही

(दृश्य: वाळवा तालुक्यातलं उसाचं शिवार. ऑक्टोबरची दुपार.)

उसात वारा शिरत नाही. पाला अंगाला काचतो, घाम कमरेशी साचतो आणि जाड जीन्स संध्याकाळपर्यंत ओलीच राहते. नायट्याच्या बुरशीला याहून सोयीची जागा नाही. जांघेत, पोटावर, कमरेच्या पट्ट्याखाली गोल चट्टा उठतो. कडा लाल, किंचित उचललेली, तिच्यावर बारीक कोंडा. मधला भाग मात्र बरा झाल्यासारखा दिसतो.

(दृश्य: औषधाच्या दुकानाचं काउंटर.)

"दादा, ती खाजंची ट्यूब द्या की. मागच्या टायमाची."

सांगली जिल्ह्यात हे वाक्य ऐकायला फार फिरावं लागत नाही. ट्यूब मिळते, चार दिवसांत खाज थांबते आणि माणूस निर्धास्त होतो. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

(दृश्य: ट्यूबची मागची बाजू, बारीक अक्षरं.)

ही बारीक अक्षरं वाचा. चष्मा लावावा लागला तरी वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे. अनेकदा त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिकही मिसळलेलं असतं. स्टिरॉइड त्वचेची लाली आणि खाज दाबतं. पण ती लाली म्हणजे शरीराची बुरशीशी चाललेली झुंज असते. झुंज थांबली की बुरशीला रान मोकळं. चट्टा पसरतो, त्याची कडा पुसट होते आणि मग डॉक्टरांनाही तो ओळखायला वेळ लागतो. जांघेतली नाजूक कातडी पातळ होऊन तिच्यावर ताण पडल्यासारखे कायमचे पट्टे उमटतात. त्यात टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशीही आता देशभर आढळते. २०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. तरीही काउंटरवर फक्त बोट दाखवून ट्यूब मागणारे आपणच आहोत, हे मान्य करायला हवं.

(दृश्य: शेताचा बांध. गाजरगवताची पांढरी फुलं.)

म्हणून स्टिरॉइड म्हणजे विष, असं मात्र नाही. त्याच शिवारातला दुसरा शेतकरी पाहा. त्यालाही खाज आहे, पण ती पापण्यांवर, मानेच्या घड्यांत आणि कोपराच्या खोबणीत. ही गाजरगवताची अ‍ॅलर्जी असू शकते. हिच्यात बुरशी नसते, आणि इथं डॉक्टर स्टिरॉइडच देतात. मात्र कुठलं द्यायचं, हे जागा पाहून ठरतं. तळहाताची राठ कातडी जोरकस औषध सोसते. पापणीला आणि जांघेला सौम्यच लागतं, आणि तेही थोडेच दिवस. तळहाताची ट्यूब चेहऱ्याला फासली की घात झालाच.

(दृश्य: आरशासमोर एक तरुणी.)

तो घात गोरेपणाच्या नादात रोज होतो. वांगासाठी किंवा लग्नाआधी उजळ दिसावं म्हणून स्टिरॉइड असलेलं मिश्र क्रीम महिनोन्‌महिने लावलं जातं. चेहरा आधी तुकतुकीत दिसतो. पुढे तो उन्हात आणि चुलीजवळ जळजळतो, बारीक शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते. क्रीम अचानक बंद केलं तर त्रास उसळतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावं लागतं. या मुलींना रंगावरून टोमणे मारणाऱ्या घरांनीही हा भाग नीट ऐकावा. वांगाच्या कुठल्याही औषधाला सनस्क्रीनची जोड लागतेच.

(दृश्य: जत तालुका, हिवाळ्याची सकाळ. भेगाळलेल्या टाचा.)

औषध बरोबर निवडलं तरी ते कशात कालवलंय यालाही महत्त्व आहे. कोरड्या, राठ, भेगाळलेल्या कातडीला तेलकट मलम मानवतं. टाचांना युरियाचं क्रीम, आणि अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला तेच मलम लावलं तर मुरुमं वाढतील. तिथं जेल बरं. केसांच्या जागी लोशन.

(दृश्य: बोटाच्या पेरावर क्रीमची रेघ.)

किती लावायचं? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं, आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. नायट्याचं औषध चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत चालू ठेवायचं. घरात आणखी कुणाला खाज असेल तर उपचार सगळ्यांनी एकत्र घ्यायचे. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे, गरम पाण्यात धुतलेले, उलटे करून उन्हात वाळवलेले.

(दृश्य: हळदीचं पोतं.)

सांगलीत हळदीचा विषय टाळता येत नाही. लेप लावून आजीनं पुष्कळांचं अंग उजळवलं असेल, पण नायटा त्यानं जात नाही. वर पिवळ्या रंगाखाली चट्ट्याची कडा दिसेनाशी होते, ते वेगळंच.

आणि एक चट्टा असा आहे, ज्याला घरचं काहीच लावायचं नाही. फिकट, न खाजणारा, जिथं टोचलेलं कळत नाही असा. तो थेट सरकारी दवाखान्यात दाखवायचा. कुष्ठरोग निघाला तर औषध मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो.

(दृश्य: मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सकाळची रांग.)

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, अर्धवट वापरलेल्या आणि शेजाऱ्यांकडून आणलेल्यासुद्धा. जांघेतला चट्टा दाखवायला लाजू नका. आणि कुठली ट्यूब किती महिने लावली, ते खरं सांगा.