झेरॉक्सच्या दुकानावरचा खटला

नमस्कार श्रोतेहो.

परीक्षा जवळ आली की कॉलेजच्या दाराशी झेरॉक्सवाल्यापुढे लागणारी रांग तुम्हाला आठवत असेल. मीही त्या रांगेत तासन्‌तास उभी राहिले आहे. पन्नास पानांचे पैसे हातात मोजून ठेवलेले असत आणि पुस्तक लायब्ररी बंद व्हायच्या आत परत करायचं असे.

असंच एक दुकान दिल्लीत, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात होतं. रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस. प्राध्यापक वाचनाची यादी देत, दुकानदार निरनिराळ्या पुस्तकांतली नेमकी तेवढीच प्रकरणं काढून त्यांचा संच बांधून देई. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर कॉपीराइटभंगाचा दावा लावला. विद्यार्थी आणि शिक्षक गप्प बसले नाहीत. ‘आमचंही ऐका’ म्हणत तेही खटल्यात उतरले. अमर्त्य सेन यांच्यासारख्या लेखकानं, ज्यांची पुस्तकं ऑक्सफर्डच छापतं, प्रकाशकांना खटल्याचा फेरविचार करायला सांगितलं. मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ५२ सांगतं, की कशाकशानं कॉपीराइटचा भंग होत नाही. पुस्तकाचं परीक्षण लिहिताना त्यातला उतारा देणं, बातमी देताना त्यातला मजकूर रास्त प्रमाणात वापरणं, स्वतःच्या अभ्यासासाठी उतरवून घेणं, हे सगळं त्यात येतं. शिकवण्यासाठी शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेल्या नकलेला तर वेगळं पोटकलम आहे.

प्रकाशकांचा मुद्दा असा, की दुकानदार शिक्षकही नाही आणि विद्यार्थीही नाही, तो धंदा करतो. शिवाय शिकवणं म्हणजे वर्गात चालतं तेवढंच. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी हे मानलं नाही. स्वतःच्या विद्यार्थिदशेत लायब्ररीत बसून पुस्तकं हातानं कशी उतरवून घ्यायचो, हे त्यांनी निकालात लिहिलं. हातानं लिहिलेलं चालतं, तर तेच काम यंत्रानं केलं म्हणून गुन्हा कसा होईल? कॉपीराइट हा देवानं किंवा निसर्गानं दिलेला हक्क नव्हे, असंही त्यांनी बजावलं.

प्रकाशकांनी अपील केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं आणखी बारकाईनं पाहिलं. किती पानं चालतील याचा आकडा त्यांनी ठरवला नाही. शिकवण्याला त्या मजकुराची खरोखर गरज होती का, एवढं तपासायचं, म्हणून त्या प्रश्नापुरता खटला पुढे चालवायला सांगितलं. दुकानावर मात्र बंदी घातली नाही. २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला.

मला या निकालाचा मनापासून आनंद आहे. परदेशी पुस्तकातली तीस पानं वाचायला सगळं पुस्तक विकत घेण्याची ऐपत आमच्या घरात नव्हती, आणि त्या तीस पानांनी मला पुढचा रस्ता दाखवला.

पण याच निकालाकडे बोट दाखवून मला लोक म्हणतात, मग पीडीएफ पाठवली तर काय बिघडलं? इथे मात्र माझा जीव तुटतो. महिन्याभरापूर्वी आलेली अख्खी मराठी कादंबरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शेकडो लोकांना पाठवणं म्हणजे वर्गातला अभ्यास नव्हे. ते ना परीक्षण, ना बातमी. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात लहान, तिच्या हजारभर प्रती खपायलाही वर्षं लागतात, आणि त्यातून लेखकाला मिळणारं मानधन तुटपुंजं. दिल्लीतल्या त्या संचातली प्रकरणं वाचून कुणी ते पुस्तक घ्यायचं थांबत नव्हतं. इथे मात्र जो माणूस दुकानात जाऊन पुस्तक घेणार होता, नेमका तोच थांबतो.

गेल्या आठवड्यात मला अशी एक फाइल आली. पाठवणारी माझी जुनी मैत्रीण. मी ती उघडली नाही. तिला फोन करून म्हटलं, अगं, हे पुस्तक मी घेतलंय, तुला वाचायला देते. ती रविवारी येऊन घेऊन गेली.