शनिवारची वही

(दृश्य: जुळे सोलापुरातलं अर्धवट बांधकाम, संध्याकाळ.)

शनिवार. साडेसहा वाजलेत, ऊन अजून भिंतीवरून उतरलेलं नाही. बिगारी हातपाय धुऊन जागा मिळेल तिथं टेकलेत. मिस्त्री पिशवीतून वही काढतात. शंभरपानी, कडा सिमेंटनं फुगलेल्या, पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. हजेरी, खाडे, उचल. कुणी बुधवारी औषधाला पाचशे नेलेत, कुणाचे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतले दोन हजार अजून फिटलेले नाहीत.

ही वही मिस्त्रींनी एकदा घराच्या कर्जासाठी बँकेत नेली होती. कर्जाच्या टेबलावरच्या साहेबांनी दोन पानं उलटली, बोटाला लागलेलं सिमेंट रुमालाला पुसलं आणि विचारलं, "इन्कम टॅक्सचं रिटर्न भरता का?"

मिस्त्री आधी बिगारी होते, मग गवंडी झाले, आता चौरस फुटावर मजुरीचं काम घेतात. माल मालकाचा, माणसं यांची. दुसऱ्यांची किती घरं उभी केली ते त्यांनी मोजलेलं नाही. स्वतः नीलम नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात.

सोलापुरात कष्टकऱ्यांच्या घरांची गोष्ट जुनी आहे. कुंभारीत विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्याच भागात रे नगर झालं. असंघटित मजुरांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. नाव नोंदवायच्या वेळी मिस्त्रींना वाटलं, आपण आता मजूर कुठं, ठेकेदार आहोत की. बँकेत गेल्यावर कळलं, कागदावर आपण ठेकेदारही नाही.

(दृश्य: वहीचं पान, जवळून.)

आता हिशोब. गेल्या वर्षी कामांचे मिळून १४ लाख हातात आले. बहुतेक हजेरीत गेले, घरी उरले साडेचार लाख. रिटर्नवर उत्पन्न किती? १ लाख १२ हजार.

हे असं कसं? छोट्या धंद्यांना हिशोबाच्या चोपड्या न ठेवता अंदाजानं रिटर्न भरायची सोय आहे. सीए मंडळी तिला 'चव्वेचाळीस एडी' म्हणतात. रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के उत्पन्न धरायचं. पण हे टक्के किमान आहेत. जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं, हे वाक्य कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. कमी दाखवलं की सगळे खूश. मिस्त्रीही होते.

बँकेनं मात्र तोच आकडा उचलला. १ लाख १२ हजार, म्हणजे महिन्याला नऊ हजार तीनशे. त्यातला निम्मा हप्त्याला धरा. ९ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर लाखाला हप्ता बसतो साधारण नऊशे रुपये. म्हणजे कर्ज पाच लाखांच्या आसपास. घर अठरा लाखांचं. साडेचार लाख दाखवले असते, तर याच हिशोबानं कर्ज वीस लाखांच्या पुढं गेलं असतं. आणि कर? २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यच आहे. लपवून मिस्त्रींनी काय वाचवलं, ते आम्हालाही सापडलं नाही.

एक गंमत मात्र सापडली. एका बिल्डरकडचं काम तीन वर्षं चालू होतं. तो प्रत्येक बिलातून एक टक्का कापायचा. मिस्त्री ते नुकसान समजून गप्प बसायचे. तो टीडीएस होता, म्हणजे आधीच कापलेला आयकर, यांच्याच पॅनवर जमा होत होता. सीएनं कॉम्प्युटरवर कापलेल्या कराचा सरकारी तक्ता, 'सव्वीस एएस', उघडून दाखवला, तर तीन वर्षांची बिलं तारखेसकट तिथं बसलेली. वहीपेक्षा नेटकी.

"माझ्या कामाची नोंद हाय की वो ही!" मिस्त्री म्हणाले. मग हळूच विचारलं, "ते कापल्यालं परत मिळतंय का?" ज्या वर्षाच्या रिटर्नची मुदत शिल्लक होती, त्याचं मिळालं.

सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीचं, मात्र वेगळंच निघालं. मिस्त्रींनी कधी कर्जच घेतलं नव्हतं. सगळी बचत भिशीत, आणि भिशी सिबिलला दिसत नाही. दिसला तो मेव्हण्याच्या ट्रॅक्टरचा जामीन. दोन हप्ते चुकले मेव्हण्याचे, डाग यांच्या नावावर. वहिनींनी त्या दिवशी माहेरी फोन केला. काय बोलणं झालं, ते कॅमेऱ्यासमोर सांगायला त्या तयार नाहीत.

(दृश्य: शहराबाहेरचे प्लॉट, दगडाच्या खुणा.)

मिस्त्रींची पहिली पसंती फ्लॅट नव्हतीच. "आपल्या हातानं बांधायचं," असं त्यांचं म्हणणं. दीड गुंठ्याचा प्लॉट बघितला, भाव परवडणारा. कागद म्हणून दाखवली नोटरी आणि शेतीचा सातबारा. एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, लेआउट मंजूर नाही. अशा जागेवर बँक सहसा कर्ज देत नाही, मग उत्पन्न कितीही दाखवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी, म्हणजे मंजुरीविना पाडलेले असे तुकडे, नियमित करून घेता येते, पण तो खर्च आणि हेलपाटे घेणाऱ्याच्या माथी. इसार द्यायच्या आधी वकिलाकडून जागेच्या मालकीचा सर्च रिपोर्ट काढला, एवढं त्यांचं नशीब.

म्हणून आता फ्लॅट. किमतीच्या किमान दहा टक्के पदरचे घालायचे, मुद्रांक आणि नोंदणी वेगळी. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यात पहिल्या आठ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. मात्र कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नको. ती अट मिस्त्री सहज पूर्ण करतात.

बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न्स बघते. खरा आकडा लिहिलेलं एक भरून झालंय. दुसरं येत्या जुलैत.

(दृश्य: पुन्हा बांधकाम. मालक स्कूटरवरून उतरतात.)

मालकांनी खिशातून पुडकं काढलं.

"मालक, खात्यावर टाका की."

"आता आणलेत ना रोख. पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी नको. रोख बँकेत भरून या, तिथनं टाका. मी थांबतो."

"आणि हे बिगारी?"

"त्यांना देतो मी."

मालक पुडकं हातात घेऊन उभे. मिस्त्री वळून बिगाऱ्यांची हजेरी वाचायला लागले. तासाभरानं मोबाइल वाजला. मेसेज दोनदा वाचून त्यांनी वही उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि तारीख घालून तीच रक्कम तिथंही लिहिली.