वयाचा थकवा की औषधाचा?

(दृश्य : टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र, शेजारी रेघा मारलेली वही.)

या वहीत दोनच रकाने आहेत. बीपी किती आणि जुलाब किती वेळा. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर दोन औषधं एकत्र घेणाऱ्या पंचाहत्तरीच्या रुग्णाची ही वही डॉक्टर स्कॅनइतकीच बारकाईने वाचतात.

औषधांपैकी एक सलाईनमधून जातं, उदाहरणार्थ पेम्ब्रोलिझुमॅब. कर्करोगाने प्रतिकारशक्तीला लावलेला ब्रेक ते सोडवतं. दुसरी गोळी, ॲक्सिटिनिबसारखी. ती गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखते. बीपी वाढतं ते बहुधा हिच्यामुळे. काहींना गोळीऐवजी निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीचीच, म्हणजे प्रतिकारशक्तीला जागवणाऱ्या औषधांचीच, जोडी देतात.

गुण येतो का? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चेकमेट २१४ चाचणीत मध्यम आणि जास्त जोखमीच्या रुग्णांपैकी निवोलुमॅब-इपिलिमुमॅब घेणारे ७५ टक्के दीड वर्षानंतर हयात होते. नुसत्या सुनिटिनिबवर, म्हणजे ॲक्सिटिनिबसारख्याच गोळीवर, ६० टक्के. पण हा आकडा प्रत्येक आजोबांच्या फाइलवर तसाच डकवता येत नाही. चाचणीत घेतात ते बऱ्यापैकी हिंडतेफिरते रुग्ण, आणि त्यातही पंचाहत्तरीपुढचे मोजकेच.

म्हणून नुसतं जन्मसाल बघून ठरवायचं नसतं. जी-८ नावाची छोटी प्रश्नावली आहे : जेवण जातं का, वजन घटलंय का, चालणं-फिरणं कसं, रोजची औषधं किती. १७ पैकी १४ किंवा त्याहून कमी गुण पडले, तर आधी सविस्तर तपासणी.

(दृश्य : वहीवर बोट. जुलाबाचा रकाना.)

जुलाब सुरू झाले, तर दोष कोणाचा? ॲक्सिटिनिबचा अंमल लवकर ओसरतो. त्रास बेताचा असेल तर डॉक्टर आधी ती गोळी थांबवून बघतात. दोन-तीन दिवसांत आराम पडला, तर गोळीच कारण. नाही पडला, तर प्रतिकारशक्तीने आतड्यावरच हल्ला केल्याची शंका, आणि तिथे स्टिरॉइड लागतं. जुलाब जोराचे असतील, तर थांबून बघायचं नाही, थेट रुग्णालय.

सगळ्यात फसवा मात्र थकवा. घरचे म्हणतात, वय झालं, चालायचंच. रुग्णही तेच म्हणतो. खरं तर औषधांमुळे थायरॉइड मंदावलेलं असू शकतं, किंवा कॉर्टिसॉल हे संप्रेरक घटलेलं असतं, आणि हे दुसरं जिवावर बेतू शकतं. दोन्ही रक्ततपासणीत कळतं.

(दृश्य : वहीत तिसरा रकाना आखला जातो. 'थकवा'.)

थायरॉइडच असेल, तर रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, आणि कर्करोगाचे उपचार बहुतेकदा तसेच चालू राहतात.