पंख्याची गती नेमकी कोणत्या तापमानावर ठरवायची?

नमस्कार. संगणकाचा पंखा एकाच लयीत फिरत राहिला, तर त्याचा आवाज थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. मात्र ब्राउझरचा एखादा टॅब उघडताच तो घोंघावू लागला, तीन-चार सेकंदांत शांत झाला आणि लगेच पुन्हा घोंघावू लागला, तर कामात लक्ष लागत नाही. अशा वेळी अनेक जण पंख्याला दोष देतात आणि नवा पंखा आणतात. नवा पंखाही तेच करतो. दोष बहुधा पंख्याचा नसून त्याची गती ठरवणाऱ्या कंट्रोलरचा असतो, आणि कंट्रोलरमध्येही सर्किटपेक्षा महत्त्वाचे असते ते तापमान कोठे मोजले जाते आणि त्यातील बदलाची दखल किती घाईने घेतली जाते, हे. आज आपण तेच पाहणार आहोत.

गती कमी करण्याचा खटाटोप कशासाठी, हे आधी आकड्यांत पाहू. पंखा मिनिटाला १५०० फेऱ्यांवरून १००० फेऱ्यांवर आणला, तर हवेचा प्रवाह साधारण दोन तृतीयांश उरतो, पंख्याला लागणारी वीज जवळपास ३० टक्क्यांवर येते आणि आवाज सुमारे ९ डेसिबलने घटतो. आवाज १० डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. म्हणजे एक तृतीयांश हवा सोडून दिली, तर जवळजवळ निम्मा आवाज वाचतो. हा सौदा फायद्याचा आहे. अट एवढीच, की गरज पडेल तेव्हा ती हवा परत मिळाली पाहिजे.

[पडद्यावर: तीन पिनांचा आणि चार पिनांचा कनेक्टर शेजारी शेजारी]

आता वायरी पाहू. तीन पिनांच्या पंख्यात एक ग्राउंड, एक १२ व्होल्टची आणि एक टॅकोमीटरची, म्हणजे फेऱ्या मोजणाऱ्या भागाची, वायर असते. टॅकोमीटर एका फेरीत दोन स्पंदने पाठवतो, त्यामुळे मदरबोर्डला सेकंदाला ४० स्पंदने मिळाली, तर पंखा मिनिटाला १२०० फेऱ्या घेत आहे असे समजायचे. या पंख्याची गती कमी करायची, तर व्होल्टेजच कमी करावे लागते, आणि तेथे एक अडचण येते. फिरता पंखा ४ व्होल्टवरही फिरत राहू शकतो, पण तोच पंखा थांबलेला असेल तर सुरू होण्यासाठी त्याला ६ व्होल्ट लागू शकतात. म्हणून चांगला कंट्रोलर थांबलेल्या पंख्याला आधी क्षणभर जास्त व्होल्टेज देतो आणि मग गती खाली आणतो. लिनक्सवरील फॅनकंट्रोल हा पंख्याची गती ठरवणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी त्याच्या सेटिंगमध्ये मिनस्टार्ट आणि मिनस्टॉप असे दोन वेगळे आकडे पाहिले असतील. ते याचसाठी असतात.

चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या, बहुधा निळ्या, वायरीवरून पीडब्ल्यूएमचा संकेत जातो. हा संकेत ठरावीक वेगाने चालू-बंद होत असतो आणि प्रत्येक आवर्तनात तो किती टक्के वेळ चालू राहतो, त्यावरून पंखा आपली गती ठरवतो. इंटेलच्या तपशीलपत्रानुसार या संकेताची वारंवारता २५ किलोहर्ट्झ असावी आणि २१ ते २८ किलोहर्ट्झपर्यंतची चालते. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ असल्यामुळे त्यापुढची गुणगुण आपल्याला ऐकू येत नाही. या रचनेतील मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे निळी वायर तुटली किंवा निघाली, तर पंखा थांबत नाही. तो पूर्ण गतीने फिरू लागतो. बिघाड झाला तर तो आवाजाच्या बाजूने व्हावा, उष्णतेच्या बाजूने नव्हे, असा विचार त्यामागे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रोसेसरच्या चिपमधील सेन्सर अतिशय चपळ असतो. भार येताच तेथील तापमान एका सेकंदाच्या आत १५-२० अंशांनी चढू शकते आणि भार सरताच तितक्याच लवकर उतरते. चिपवर बसवलेल्या हीटसिंकचे, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे, वागणे मात्र जाड बुडाच्या तव्यासारखे असते; तो सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. पंख्याची हवा लागते ती हीटसिंकला, चिपला नव्हे. त्यामुळे दोन सेकंदांच्या उसळीला पंख्याने धावून जाण्यात काहीच हशील नसते, कारण तोपर्यंत हीटसिंक पुरता तापलेलाही नसतो.

उपाय सोपा आहे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर, फॅन कर्व्हच्या (कोणत्या तापमानाला किती गती, हे ठरवणाऱ्या आलेखाच्या) जवळच पंख्याची गती वाढवण्यासाठी आणि कमी करण्यासाठी विलंबाचे सेटिंग असते. त्याचे नाव कंपनीगणिक बदलते आणि काही जुन्या बोर्डांवर ते मिळणार नाही. गती वाढवताना काही सेकंदांचा आणि कमी करताना त्याहून अधिक विलंब ठेवावा. त्याच्या जोडीला चढता आणि उतरता उंबरठा वेगळा असावा, म्हणजे ५० अंशांना वाढलेली गती ४५ अंशांखाली गेल्याशिवाय कमी होऊ नये. प्रोसेसर अति तापलाच, तर तो स्वतःचा वेग कमी करून घेतो, तेव्हा एवढ्या विलंबाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

कॅबिनेटच्या पंख्यांचा प्रश्न निराळा आहे. ते बहुधा प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले असतात. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये ग्राफिक्स कार्डावर रेंडर लावला, की प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसतो, त्याचे तापमान फारसे चढत नाही आणि कॅबिनेटचे पंखे निवांत फिरत राहतात. इकडे ग्राफिक्स कार्ड आपली सगळी उष्णता त्याच डब्यात ओतत असते. काही मदरबोर्डांवर थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर, जोडण्यासाठी दोन पिनांचे हेडर असते. तेथे १० किलोओहमचा थर्मिस्टर लावून त्याचे टोक ग्राफिक्स कार्डाच्या वर, हवेत लोंबते ठेवावे आणि कॅबिनेटचे पंखे त्या तापमानावर चालवावेत.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. हीटसिंक खोलीच्या हवेपेक्षा किती अंशांनी गरम राहील, एवढेच पंखा ठरवू शकतो. खोलीत २५ अंश असताना रिकामा प्रोसेसर ४० वर राहत असेल, तर नागपुरात मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेल्यावर तोच प्रोसेसर काही न करता ५५ च्या आसपास राहील. डिसेंबरमध्ये बसवलेला, ५० अंशांना चढणारा कर्व्ह तेव्हा दिवसभर चढलेलाच राहतो. उन्हाळ्यासाठी वेगळा प्रोफाइल जतन करून ठेवणे, हा त्यावरचा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे.

[पडद्यावर: ब्रेडबोर्ड, थर्मिस्टर, अर्डुइनो उनो]

ज्यांना कंट्रोलर स्वतः बनवायचा आहे, त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगतो. एनटीसी प्रकारच्या थर्मिस्टरचा रोध तापमान वाढले की घटतो; तो किती झपाट्याने घटतो, हे बीटा हा आकडा सांगतो. १० किलोओहम आणि ३९५० बीटाचा थर्मिस्टर २५ अंशांना १० किलोओहम असतो, तर ५० अंशांना सुमारे ३.६ किलोओहम. त्याचे एक टोक ५ व्होल्टला जोडावे, दुसऱ्या टोकापासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा साधा रेझिस्टर लावावा आणि दोहोंच्या सांध्यावरचे व्होल्टेज मोजावे. ते २५ अंशांना २.५ आणि ५० अंशांना साधारण ३.७ व्होल्ट येते. हे व्होल्टेज वाचून पंख्याला संकेत देण्यासाठी अर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड वापरता येतो. उनोची पीडब्ल्यूएम संकेत देणारी नेहमीची आज्ञा, ॲनालॉग-राइट, ४९० किंवा ९८० हर्ट्झवर चालते, आणि ते या पंख्यांसाठी फारच कमी आहे. त्यासाठी उनोच्या चिपमधील टायमर १ फेज-करेक्ट (आधी वर आणि मग खाली मोजण्याच्या) पद्धतीत, प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा विभाजक) न लावता, ३२० या कमाल मोजणीवर चालवावा, म्हणजे १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळातून बरोबर २५ किलोहर्ट्झ मिळतात. निळी वायर ट्रान्झिस्टरमार्फत ग्राउंडला ओढावी, कारण तिला वर ओढण्याचे काम पंखा स्वतःच करतो; यात संकेत उलटा होतो, हे प्रोग्रॅममध्ये लक्षात घ्यावे. पंख्याचे आणि उनोचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले असणे आवश्यक आहे.

या जोडणीत एक खोच आहे. थर्मिस्टरची वायर तुटली, तर सांध्यावरचे व्होल्टेज शून्याला जाते आणि प्रोग्रॅमला वाटते, की बाहेर कडाक्याची थंडी आहे. तो पंखा बंद करतो, आणि संगणक तापत राहतो. म्हणून ०.३ व्होल्टपेक्षा कमी वाचन आले, तर ते तापमान न मानता बिघाड मानावा आणि पंखा पूर्ण गतीने सोडावा. या सर्किटमध्ये ०.३ व्होल्ट म्हणजे सुमारे उणे २६ अंश, आणि तेवढी थंडी आपल्या कॅबिनेटमध्ये पडण्याची शक्यता नाही.

एसएमपीएसमधील, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातील, पंखाही असाच थर्मिस्टरवर चालतो, पण तो डबा उघडू नये. आतील मोठ्या कपॅसिटरवर वीज बंद केल्यानंतरही काही काळ ३०० व्होल्टहून अधिक दाब शिल्लक असू शकतो.

सगळे जोडून झाले, की संगणक चालू असताना थर्मिस्टरचा कनेक्टर काढून पाहावा. पंखा लगेच पूर्ण गतीला गेला, तर कंट्रोलर कॅबिनेटमध्ये बसवण्यास हरकत नाही. तो मंदावला किंवा थांबला, तर प्रोग्रॅममधील ती अट पुन्हा तपासावी.