येळ्ळूरच्या खळ्यातली तबकडी

नमस्कार श्रोतेहो! दिवाळीत आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पोरं मातीचे किल्ले करतात आणि मोठी माणसं गच्चीवर जाऊन उडत्या तबकड्या बघतात. तांबूस दिवा, आवाज नाही, मधेच थांबतो, मधेच विझतो. मी स्वतः अशी एक तबकडी उडवलेली आहे, म्हणून बोलतो.

सातवीत होतो. सुगीचे दिवस, येळ्ळूरला आजोळी. मामेभाऊ दोन वर्षांनी मोठा, त्यामुळं शास्त्रज्ञ तोच. पतंगाचे बारा कागद, गव्हाच्या पिठाची खळ, तोंडाला बांबूच्या कामटीची कडी, कडीत तारेनं बांधलेला राकेलाचा बोळा. बोळ्याला कापड आजीच्या जुन्या इरकली लुगड्याचं, न विचारता फाडलेलं. तेव्हा आकाशकंदीलही घरीच व्हायचा. आता सगळीकडं तो घडीचा प्लॅस्टिकचा, वर कार्टून छापलेला. मला तो बघवत नाही. असो.

अंधार पडल्यावर खळ्यात दोघांनी कागद धरला. आधी लुळा, मग हळूहळू पोट सुटल्यासारखा फुगला, बोटांना चटके बसायला लागले, तसा सोडला. गेला राजहंसगडाकडं.

सकाळी कट्ट्यावर हीच चर्चा. एक म्हणाले, सांबऱ्याच्या विमानतळावरनं काहीतरी सुटलंय. दुसरे म्हणाले, विमान थांबतंय होय? हे गडावर थांबून खाली बघत होतं! तिसऱ्यांनी तर खिडक्या मोजलेल्या. पाच.

तर ते थांबलं नव्हतं. आपल्यापासून सरळ लांब जाणारा दिवा जागेवरच दिसतो. पुन्हा सांगतो, लांब जाणारा दिवा जागेवरच दिसतो. खिडक्या म्हणजे आमच्या खळीचे जोड; तिथं कागद दुहेरी म्हणून काळपट, मधल्या पाकळ्या उजळ. आणि हा कागद उडतो कशामुळं? घनमीटरभर साधी हवा भरते सव्वा किलोच्या आसपास. तीच शंभर अंशांपर्यंत तापवली की पाव किलोनं हलकी. त्या पाव किलोत कागद, कडी, बोळा सगळं बसवायचं. पाव किलो, बस्स.

येळ्ळूरकरांना हसू नका. १७८३ साली पॅरिसहून सोडलेला हायड्रोजनचा फुगा गोनेस गावात पडला, तर शेतकऱ्यांनी राक्षस समजून काटे-सुऱ्यांनी तो फाडून टाकला. अमेरिकेत १९६८ साली कॉन्डन समितीनं तबकड्यांचा अहवाल पुरा केला, त्यातही काही तबकड्या निघाल्या ड्रायक्लीनिंगच्या पिशव्या, खाली मेणबत्त्या लावलेल्या. आमचं काम जास्त नेटकं होतं, एवढंच म्हणतो.

दुपारी एक गडी जळकी कडी घेऊन आला. बांधावर सापडली म्हणाला, पिंजराच्या गंजीपासून दहा पावलांवर. दहा पावलं! मामेभावाचं तोंड उतरलं. माणसं जमली, कडीला हात लावायला कुणी धजेना. आजी पुढं झाली. बोळ्याचा एक कोपरा जळायचा राहिला होता, तांबडा इरकली काठ, लख्ख ओळखू येणारा. तिनं कडी उलटसुलट करून बघितली, एकदा आमच्याकडं बघितलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “वरचंच हाय काहीतरी. चुलीत घालते.”

घरात गेल्यावर चिमटा आधी मामेभावाला बसला. शास्त्रज्ञ तोच होता ना.