शेवटचे आठ आठवडे : परदेशी शाळेतलं वर्ष संपवताना

शाळेचं वर्ष आणि परदेशातून तिथे शिकवायला गेलेल्या स्वयंसेवकाची मुदत सहसा एकाच दिवशी संपत नाहीत. बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. देशोदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या पीस कोअरचं उदाहरण घ्या. १९६१ साली सुरू झालेल्या या संस्थेत स्वयंसेवकाची मुदत साधारण २७ महिन्यांची असते: सुमारे ३ महिने प्रशिक्षण आणि २ वर्षं प्रत्यक्ष काम. शाळा मात्र त्या-त्या देशाच्या वेळापत्रकाने चालते. नामिबियात किंवा झांबियात वर्ष जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरच्या सुमाराला संपतं. जपानमध्ये ते एप्रिलला सुरू होतं, नेपाळात वैशाखात. म्हणून तिकीट काढण्याआधी शाळेकडून चार तारखा लिहून घ्या: शिकवण्याचा शेवटचा दिवस, परीक्षेचा पहिला दिवस, गुण जमा करायची मुदत आणि निकालाचा दिवस. शेजारी व्हिसा संपण्याची तारीख लिहा. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशीचं विमान पकडणारे बरेच असतात. त्यांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मग अशा शिक्षकाच्या टेबलावर पडतो, ज्याने तो वर्ग कधी पाहिलेलाही नसतो.

या तारखांवरून उलट मोजत या. हातात ८ आठवडे दिसत असले तरी शिकवायला ५ मिळतील असंच धरा. खेळांच्या स्पर्धा येतात, वरच्या वर्गांच्या परीक्षेसाठी खोल्या जातात, एखादी न सांगता आलेली सुट्टी असते. आठवड्याला ५ तासिका असतील तर हिशेब २५ तासिकांचा. त्यातल्या ८ उजळणीला काढल्या की उरल्या १७. राहिलेले तीन धडे १७ तासिकांत उरकून टाकण्यापेक्षा दोन नीट शिकवावेत आणि तिसरा राहिला असं नोंदवून ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. 'पोर्शन पूर्ण' असा शेरा पाहून पुढचा शिक्षक तो धडा सोडून देतो, आणि मुलांना तो कधीच भेटत नाही.

प्रश्नपत्रिकेचं गणित कागदापासून सुरू होतं. साठ मुलांच्या चार तुकड्या म्हणजे २४० मुलं. चार पानी प्रश्नपत्रिका पाठपोट छापली तर प्रत्येकी २ कागद, एकूण ४८०. एका रिममध्ये ५०० कागद. उरले २०, म्हणजे जेमतेम दहा जादा प्रती. मशीनमध्ये कागद अडकला, मागची बाजू उलटी छापली गेली, की तेवढ्या तिथेच संपतात. शक्य असेल तर प्रश्नपत्रिका दोन पानांत बसवा. पुस्तकातून फोटोकॉपी केलेल्या आकृत्या काळ्या उमटतात, तेव्हा आकृती पेनाने रेघांचीच काढा. छापायला देण्यापूर्वी पेपर स्वतः घड्याळ लावून सोडवा. मुलं घरच्या भाषेत नव्हे, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेत लिहीत असतात. तुम्हाला २० मिनिटं लागली तर त्यांना तास लागेल असं धरा.

तपासणीकडे बहुतेकजण मोठ्या आत्मविश्वासाने बसतात. २४० उत्तरपत्रिका, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे २० तास. बेरजा पडताळायला प्रत्येकी एक मिनिट धरलं तरी आणखी ४ तास. शेवटचा पेपर आणि गुण जमा करायची मुदत यांत पाच दिवस असतील तर रोजचे जवळपास ५ तास झाले, तेही वीज गेली नाही तर. उत्तरपत्रिका वर्गातून बाहेर पडतानाच मोजा, हजेरीच्या क्रमाने लावा, वीस-वीसचे गठ्ठे बांधा. पहिल्या दहा पेन्सिलने तपासा आणि नमुना उत्तरं त्यावरून दुरुस्त करा, कारण आपल्याला न सुचलेलं बरोबर उत्तर त्या दहांत हमखास सापडतं. त्यानंतर एकेक मुलाचा पेपर तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं करत जा. एरवी सकाळी तपासलेल्याला अर्धा गुण जास्त मिळतो आणि रात्री तपासलेल्याला कमी.

आता गुणांची नोंद. इथे जरा थांबूया. समजा वर्षभराच्या चाचण्यांना ४० आणि वार्षिक परीक्षेला ६० टक्के वजन आहे आणि उत्तीर्ण व्हायला ४० लागतात. चाचण्या तीन, प्रत्येकी २० गुणांची. परीक्षा ८० गुणांची. एका मुलीचे चाचण्यांतले गुण ८, ९, ८. बेरीज ६० पैकी २५. ते ४० वर आणायचे तर दोन-तृतीयांश करायचे, १६.६७. परीक्षेत ८० पैकी ३०, त्याचे तीन-चतुर्थांश २२.५. एकूण ३९.१७, म्हणजे ३९, म्हणजे नापास. पण दोन्ही आकडे आधीच पूर्णांकात केले तर १७ आणि २३, बेरीज ४०, आणि मुलगी पास. तीच मुलगी, तेच गुण. पूर्णांक कुठल्या टप्प्यावर करायचा हा शाळेचा नियम असतो. तो मुख्याध्यापकांना विचारून हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि चारही तुकड्यांना सारखाच लावा.

दुसरा खड्डा गैरहजेरीचा. एका मुलाला दोन चाचण्यांत १४ आणि १३, तिसऱ्या वेळी तो आजारी. रिकाम्या चौकटीत शून्य लिहिलं तर ६० पैकी २७, म्हणजे ४० पैकी १८. दोनच चाचण्या धरल्या तर ४० पैकी २७. फरक नऊ गुणांचा. म्हणून गैरहजेरीसाठी 'गै' लिहा, शून्य लिहू नका, आणि पुन्हा चाचणी घ्यायची की सरासरी काढायची हे शाळेला ठरवू द्या. संगणकावर गुण भरत असाल तर रिकामी चौकट आणि शून्य यांना ते पत्रक वेगवेगळं वागवतं का, हे एका नावावर करून पाहा.

पास-नापासाच्या सीमेवरच्या मुलांना वरच्या वर्गात ढकला, असा दबाव येऊ शकतो. ढकलायचं की नाही हा निर्णय पाहुण्याने एकट्याने घेऊ नये, आणि हळूच दोन गुण वाढवून तर मुळीच नाही. खरे गुण नोंदवा. सवलत द्यायची असेल तर ती शिक्षकांच्या बैठकीत, इतिवृत्तात येऊ द्या.

सोपवणुकीची फाइल लहान ठेवा. प्रत्येक वर्गासाठी एक पान: कुठवर शिकवलं, काय राहिलं, मुलं कुठे अडकतात. 'अपूर्णांक कच्चे' एवढ्याने भागत नाही. 'छेद वेगळे असले की अंश आणि छेद दोन्ही सरळ बेरजेत धरतात' असं लिहिलं तर पुढच्याला कामाला लागता येतं. मुलांच्या घरच्या अडचणी, आजार कागदावर नकोत. फाइल शाळेत वापरात असलेल्या भाषेत हवी, स्वतःच्या खुणा आणि लघुरूपं त्यात नकोत. तुमच्या जागी नवा स्वयंसेवक येईलच असं गृहीत धरू नका. दोन आठवडे आधी तिथल्याच एका शिक्षकाला तुमच्यासमोर दोन-तीन तासिका घ्यायची विनंती करा. कागदातून न कळलेलं तिथे कळतं.

ग्रंथालय चालवत असाल तर पुस्तकं देणं तीन आठवडे आधी थांबवा. नोंदवही पुढे ठेवून पुस्तकं मोजा, हरवलेली हरवली म्हणूनच लिहा. प्रयोगशाळेत लेबल निघालेली बाटली वासावरून ओळखायला जाऊ नका. 'अज्ञात' अशी चिठ्ठी लावून ती बाजूला ठेवा आणि शाळेला कळवा.

संगणक कक्षात वेगळीच फजिती होते. शाळेचं ईमेल खातं स्वयंसेवकाने आपल्या फोन नंबरवर उघडलेलं असतं. तो परततो, सिम बंद होतं, महिन्याभराने पासवर्ड बदलायची वेळ येते आणि ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जातो. खाती शाळेच्या नंबरवर आणा, नव्या नंबरवरून लॉगिन होतं का ते तुम्ही तिथे असतानाच पाहा, आणि पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्या.

जाण्याची तारीख मुलांना महिनाभर आधी आणि नेमकी सांगा. 'पुढच्या वर्षी येईन' हे तिकीट हातात नसताना म्हणू नका. मुलं ते वाक्य विसरत नाहीत. एखाद्याची फी भरायची इच्छा झाली तर ती शाळेमार्फत आणि शाळेच्या निकषावर भरा. वस्तू वर्गात वाटू नका, शाळेच्या नावे साठा-नोंदवहीत चढवा.

स्वतःचे कागद थोडक्यात. अनुभवाचं प्रमाणपत्र शाळेच्या लेटरहेडवर घ्या. त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विषय, इयत्ता, आठवड्याच्या तासिका, सही आणि शिक्का हवा. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील तर कागदांवर अपोस्टिल (कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी दाखला) तिथेच करून घ्या, परतल्यावर ते फार किचकट होतं. पोलिसांचा दाखला लागणार असेल तर तोही निघण्यापूर्वी मागा.

मलेरियाच्या भागात राहिला असाल तर विमानात बसताच मलेरिया-प्रतिबंधक गोळ्या थांबवू नका: डॉक्सीसायक्लिन त्यानंतर ४ आठवडे, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवस चालू ठेवावी लागते. पुढच्या वर्षभरात ताप आला तर कुठल्या देशात राहिलात हे डॉक्टरांना आपणहून सांगा. व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया यकृतात दबा धरून महिन्यांनीही उलटतो. बिल्हार्झिया (पाण्यातून होणारा परजीवी आजार) असलेल्या भागातल्या तळ्या-नद्यांत उतरला असाल तर त्याची तपासणी शेवटच्या संपर्कानंतर ६ ते ८ आठवड्यांनी करा; लगेच केली तर रोग असूनही चाचणीत दिसत नाही.

शेवटच्या दिवशी हजेरीपट, गुणपत्रक आणि चाव्या एकदमच द्या. प्रत्येक चावीला चिठ्ठी बांधा: कपाट, कडी-कुलूप, ग्रंथालय. दिल्या-घेतल्याची यादी दोन प्रतींत करा, दोघांच्या सह्या घ्या. गुणपत्रकाची एक प्रत मुख्याध्यापकांकडे आणि एक वर्गशिक्षकाकडे राहू द्या. निकालाच्या दिवशी एखाद्या पालकाने बेरीज विचारली तर ते पान उघडणारं तिथे कोणीतरी असायला हवं.